वजन म्हणून

ट्रक मागे येतो, आणि एकटा पोरगा
फ्रिजएवढाले ठोकळे उतरवतो
बोटांवर तोलत, शिट्टी वाजवत.
थर्माकोल. इथले लोक म्हणतात इसोपोर.
रिओच्या बंदरामागचं गोदाम,
आणि आम्ही अकरा जण पारिन्चिन्सचे,
होडीनं बेलेंपर्यंत दोन दिवस, पुढं बसनं तीन,
दर वर्षी कार्निव्हलसाठी देव, राण्या, जनावरं कोरायला.

दगड असता तर उलट बोलला असता.
लाकडानं निदान आपली रेघ दाखवली असती.
याला स्वतःचं काही म्हणणंच नाही.
चुकाल तिथं चुकू देतो,
फक्त करवतीखाली असा किंचाळतो
की दात शिवशिवतात.
मग तारेचा ब्रश, मग सँडपेपर.
पांढरे मणी भुवईत, कॉफीत, उशीच्या अभ्र्यात;
या हातावरून झटकले की त्या हाताला चिकटतात.
‘हलक्या हातानं,’ मेस्त्री वाल्देसीर ओरडतो,
‘हलक्या वस्तूला जड हात खपत नाही.’

या वर्षी विषय नदीचा.
कागदावर एक म्हातारा, नदीचा धनी,
आठ मीटर, दाढीत मासे.
नाक मी कागदाबरहुकूम काढलं. जबडाही.
डावा कान मात्र कागदावरचा नाही.
गळ अडकून पाळी फाटलेली,
मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी फट.
म्हणजे होती दाण्याएवढी. मी केली वीतभर.
मेस्त्रीनं पाहिलं.
काही बोलला नाही, बारीक कागद पुढं केला.

बाबा गेले तेव्हा मी इथंच होतो,
कुठल्याशा राणीच्या नाकाशी झटत.
पाणी ओसरलेलं, काठाला गुडघाभर चिखल,
सहा जण लागले म्हणे वर आणायला.
‘एवढासा माणूस,’ भाऊ फोनवर म्हणाला,
‘कसा काय इतका जड झाला होता रे.’
मी ब्रश खाली ठेवला.
मग उचलला, कारण राणी शुक्रवारी द्यायची होती.

हे डोकं माझ्याहून उंच, आतून पोकळ.
मी एकट्यानं पाठीवर घेऊन
गोदामाच्या या टोकाहून त्या टोकाला नेलं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यात काय विशेष?

सत्तर मिनिटं मिरवला म्हातारा.
आमचं पथक तीन दशांशांनी हरलं.
धड कुणा दुसऱ्या पथकानं विकत नेलं,
मासे पोरांनी पळवले,
डोकं पडलं मागच्या अंगणात,
शिंग मोडलेल्या बैलाशेजारी.
पुढच्या वर्षी त्याचं कासव करायचं ठरलं.

मंगळवारी रात्री समुद्रावरून वारा सुटला.
बैल जागचा हलला नाही, त्याच्यात लोखंड होतं.
डोकं आधी डुललं,
मग गालावर कलंडलं,
मग निघालंच.
गडगडत, नाकावर अडखळत, पुन्हा उठत
थेट फाटकाकडं.
पहारेकरी झोपेतून उठून ‘थांबा!’ म्हणाला, सवयीनं.
आम्ही तिघं मागं धावतोय, हसून पोट दुखतंय,
ईवोची एक चप्पल वाटेत राहिली.
फाटकाच्या गजांना कपाळ लावून ते थांबलं,
बाहेर रस्ता दिसत होता.

‘दोर कुठाय?’
दोर कुणाकडंच नव्हता.
‘मग बसा रे कुणीतरी याच्यावर!’
मी चढलो. उजव्या गालावर बसलो,
हात टेकला तो नेमका त्या फटीत.

सहा वर्षांचा असेन. बाबा मला पहाटे उठवायचे.
आई म्हणायची, याला जाळं ओढता येत नाही,
याला कशाला नेता?
‘वजन म्हणून,’ ते म्हणायचे.
पुढं कुणी बसलं नाही की होडीचं तोंड उचलतं,
मग ती माझं ऐकत नाही, वाऱ्याचं ऐकते.
तू फक्त बैस. हलू नकोस.
मी बसायचो. मासळीच्या वासात, गुडघे पोटाशी,
घरात माझ्याइतकं महत्त्वाचं कुणी नाही
अशा थाटात.

चार वाजता ईवो दोर घेऊन आला.
वारा होताच अजून.
म्हटलं, राहू दे,
मी बसलोय.